दाई पोहोचण्याआधीच कळा सुरू झाल्या आणि कस्तुरबांचं बाळंतपण गांधीजींनी केलं

वर्ध्याजवळ सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. सुरुवातीला तो फक्त बायका आणि मुलांसाठीचा १५ खाटांचा दवाखाना होता. ज्या बांचं नाव त्याला दिलं, त्यांची बाळंतपणं मात्र घरातच झाली होती.

बांचा जन्म १८६९ चा, पोरबंदरचा. लग्न तेराव्या-चौदाव्या वर्षी. पहिलं बाळ १८८५ ला झालं, तेव्हा त्या जेमतेम सोळा वर्षांच्या. बाळ तीन-चार दिवसच जगलं. गांधीजींनी आत्मकथेत याचा दोष स्वतःच्या वासनेला दिला. आजचे डॉक्टर आधी आईचं वय विचारतील. इतक्या कोवळ्या वयात मूल कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याचा धोका जास्त असतो.

पुढे हरिलाल, मणिलाल, रामदास झाले. पाचव्या खेपेला बा दक्षिण आफ्रिकेत, डरबानला होत्या. २२ मे १९०० ला अचानक कळा सुरू झाल्या. डॉक्टर लगेच मिळेना, दाई आणायला वेळ लागणार होता. गांधीजींनी डॉ. त्रिभुवनदास यांचं बाळंतपणावरचं गुजराती पुस्तक आधीच वाचून ठेवलं होतं. त्याच्याच भरवशावर त्यांनी सगळं स्वतः निभावलं. देवदास सुखरूप जन्मले.

नशीबच म्हणायचं! बाळ आडवं असतं किंवा रक्तस्राव थांबला नसता, तर पुस्तकाचा काय उपयोग होता?

सुरळीत पार पडलेलं नॉर्मल बाळंतपण बाळाच्या फायद्याचंच. कळांमुळे त्याच्या फुप्फुसातलं पाणी कमी व्हायला मदत होते. म्हणून गरज नसताना, दिवस भरण्याआधी सिझर केलं तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. पण बाई अडली, तर तेच सिझर दोन जीव वाचवतं. फरक ओळखणारं माणूस वेळेवर जवळ लागतं.

१९३६ ला गांधीजींनी सेवाग्रामला मुक्काम हलवला. तिथल्या आश्रमात बांची कुटी आजही आहे. १९४२ च्या अटकेनंतर त्या परत आल्याच नाहीत. २२ फेब्रुवारी १९४४ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच गेल्या. तिथे त्यांची देखभाल करणाऱ्या डॉ. सुशीला नय्यर याही कैदीच होत्या. पुढे सेवाग्रामचा दवाखाना त्यांनीच वाढवला. १९६९ ला त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आजूबाजूच्या खेड्यांतली अडलेली बाई आता तिथे सिझरसाठी पोहोचू शकते.