चंद्र खाली का पडत नाही? न्यूटनचं अडलेलं गणित

लहानपणी मला वाटायचं, चंद्रापर्यंत पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण पोहोचतच नसणार, म्हणून तो खाली पडत नाही. तुम्हालाही असंच वाटत असेल, तर आयझॅक न्यूटनची ही गोष्ट वाचा.

न्यूटन १६४२ मध्ये इंग्लंडमधल्या वूल्सथॉर्प गावी जन्मला, तेव्हा वडील आधीच वारले होते. तो तीन वर्षांचा असताना आईने दुसरं लग्न केलं आणि त्याला आजीकडे ठेवलं. पुढे तो केंब्रिजला शिकायला गेला, पण १६६५ मध्ये प्लेगमुळे विद्यापीठ बंद पडलं आणि तो घरी परतला.

तिथे त्याने हिशोब मांडला. पृथ्वीच्या केंद्रापासून चंद्र आपल्यापेक्षा ६० पट लांब, म्हणजे तिथे पृथ्वीची ओढ ६० गुणिले ६०, ३,६०० पट कमी. पण त्याने धरलेला पृथ्वीचा आकार चुकीचा होता. उत्तर नीट जुळेना. त्याने ते छापलं नाही.

१६८४ मध्ये एडमंड हॅली ग्रहांच्या कक्षांचा प्रश्न घेऊन आला, तेव्हा न्यूटन पुन्हा कामाला लागला. आता पृथ्वीचं अचूक माप हाती होतं. गणित जुळलं! १६८७ मध्ये हॅलीच्या खर्चाने ‘प्रिन्सिपिया’ छापलं गेलं.

तर उत्तर असं: चंद्र पडतोच! एका सेकंदात तो जेमतेम १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे पडतो, पण तेवढ्यात सुमारे १ किलोमीटर पुढे सरकतो. म्हणून आदळत नाही, फिरत राहतो. तुमच्या फोनला लोकेशन दाखवणारे उपग्रहही असेच पडत पडत फिरतात.

न्यूटन १७२७ मध्ये वारला. मला मात्र त्याचं ते न जुळलेलं पहिलं उत्तरच जास्त आठवतं.