विश्लेषण : शब्द दिसला की मेंदू वाचतोच! हे मोजून दाखवणारे जॉन रिडली स्ट्रूप कोण होते?

‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापला आहे. तो वाचायचा नाही, फक्त शाईचा रंग सांगायचा. उत्तर ‘हिरवा’ आहे हे समोर दिसत असते, तरी तोंडात आधी ‘लाल’ येते. मानसशास्त्रात याला ‘स्ट्रूप परिणाम’ म्हणतात. अमेरिकेतील जॉन रिडली स्ट्रूप यांनी 1935 मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आज जगभरातील मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव आहे. स्वतः स्ट्रूप मात्र काही वर्षांतच या संशोधनातून बाहेर पडले होते.

शेतकरी कुटुंबातील मुलगा

स्ट्रूप यांचा जन्म 21 मार्च 1897 रोजी अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, मर्फ्रीसबरो शहराजवळच्या हॉल्स हिल या खेड्यात झाला. सहा भावंडांत ते धाकट्यांपैकी. लहानपणी प्रकृती तोळामासा असल्याने घरच्यांनी त्यांना शेतातील जड कामांपासून दूर ठेवले. अभ्यासात ते हुशार होते. नॅशव्हिलमधील जॉर्ज पीबडी कॉलेजमधून त्यांनी पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि 1933 मध्ये तिथेच पीएच.डी. पूर्ण केली. त्याच शहरातील डेव्हिड लिप्सकॉम्ब कॉलेजमध्ये ते शिकवत असत.

प्रश्न जुना, मांडणी नवी

शब्द वाचण्यापेक्षा रंगाचे नाव सांगायला जास्त वेळ लागतो, हे जेम्स मॅकीन कॅटेल यांनी 1886 मध्येच दाखवले होते. जर्मनीतील लायपझिग येथे विल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेत ते काम करत होते. शब्द आणि त्याचा उच्चार यांची सांगड सरावाने इतकी घट्ट होते की वाचन आपोआप घडते. रंगाचे नाव मात्र प्रयत्नाने शोधावे लागते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

स्ट्रूप यांनी या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आणून एकमेकींसमोर उभ्या केल्या. शब्द एका रंगाचा, शाई दुसऱ्या रंगाची. लाल, निळा, हिरवा, तपकिरी आणि जांभळा या पाच रंगांची इंग्रजी नावे त्यांनी घेतली आणि शब्द व शाई कधीच जुळणार नाहीत असे तक्ते केले.

आकडे काय सांगतात?

पहिल्या प्रयोगात 70 विद्यार्थ्यांना शाईकडे दुर्लक्ष करून फक्त शब्द वाचायचे होते. काळ्या शाईतील 100 शब्दांना सरासरी 41 सेकंद लागले, तर न जुळणाऱ्या रंगीत शाईतील शब्दांना 43.3 सेकंद. म्हणजे शाईने वाचनात जवळपास अडथळा आणलाच नाही.

दुसऱ्या प्रयोगात काम उलटे होते. 100 विद्यार्थ्यांना शब्दाकडे दुर्लक्ष करून शाईचा रंग सांगायचा होता. नुसत्या रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी 63.3 सेकंद लागले. चौकोनांच्या जागी न जुळणारे शब्द आले, तेव्हा हाच वेळ 110.3 सेकंदांवर गेला. वाढ तब्बल 74 टक्क्यांची.

शाईकडे दुर्लक्ष करता येते, शब्दाकडे मात्र करता येत नाही, हा या दोन प्रयोगांचा निष्कर्ष. वर्षानुवर्षांच्या सरावाने वाचन इतके अंगवळणी पडते की ते आपल्या परवानगीसाठी थांबत नाही. म्हणूनच जी लिपी वाचताच येत नाही, तिच्यातील रंगांच्या नावांनी असा गोंधळ होत नाही.

ही सवय मोडता येते का?

तिसऱ्या प्रयोगाची चर्चा कमी होते, पण तोही तितकाच महत्त्वाचा आहे. 32 विद्यार्थ्यांनी आठ दिवस न जुळणाऱ्या शब्दांच्या शाईचे रंग सांगण्याचा सराव केला. त्यांचा वेळ सुमारे एक तृतीयांशाने घटला. त्यानंतर त्यांना रंगीत शब्द पुन्हा वाचायला दिले, तेव्हा वाचनाची गती चक्क मंदावली होती. मात्र लगेच घेतलेल्या पुढच्या चाचणीत ती बरीचशी पूर्ववत झाली. आठ दिवसांचा सराव अनेक वर्षांच्या सवयीला धक्का देऊ शकतो, पण फार काळ रोखू शकत नाही, असा याचा अर्थ.

संशोधन सोडून धर्मशिक्षणाकडे

इतके मोठे काम हाती असताना स्ट्रूप यांनी त्याचा पाठपुरावा केला नाही. मानसशास्त्रातील त्यांचे शोधनिबंध हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते. बायबल शिकवणे, प्रवचने देणे आणि त्याविषयी पुस्तके लिहिणे यातच त्यांचे मन रमले. 1 सप्टेंबर 1973 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चाचणीचा प्रवास मात्र थांबला नाही. 1991 मध्ये कॉलिन मॅक्लाऊड यांनी या विषयावरील सुमारे 400 अभ्यासांचा आढावा घेतला. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांचे लक्ष आणि स्वनियंत्रण तपासतानाही ही चाचणी वापरली जाते.

वाचन पूर्णपणे आपोआप घडते का, यावर आजही मतभेद आहेत. 1997 मध्ये डेरेक बेसनर आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण शब्दाऐवजी त्यातील एकच अक्षर रंगीत ठेवले, तेव्हा परिणाम कमी झाला. म्हणजे लक्ष नेमके कुठे आहे यावरही बरेच अवलंबून असते.

मोबाइल वापरणाऱ्यांसाठी यात एक साधी गोष्ट आहे. स्क्रीनवर नोटिफिकेशनचे शब्द झळकले आणि नजर तिकडे गेली, की ‘वाचायचे नाही’ असे ठरवायला बहुधा उशीर झालेला असतो. कामात लक्ष हवे असेल तर मनाला दटावण्यापेक्षा तो शब्द समोर येऊच न देणे सोपे.