विश्लेषण : पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी कोण होते? लाकडी ठशापासून शिळाछापापर्यंतचा प्रवास

गुढीपाडव्याला निमगाव सावा असो की मुंबईतली चाळ, घरात नवे पंचांग येते. आज त्याचे कुणाला अप्रूप वाटत नाही. पण दोनशे वर्षांपूर्वी पंचांग हाताने नकलून काढावे लागे आणि छापलेल्या कागदाला हात लावणेही अनेकांना मान्य नव्हते. हे चित्र बदलण्यात मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांचा मोठा वाटा होता.

छपाईची पद्धत आधी काय होती?

सर्वात जुनी पद्धत लाकडी ठशाची. गुळगुळीत फळीवर अक्षर किंवा चित्र उलटे काढायचे. जे छापायचे ते तसेच ठेवून आजूबाजूचे लाकूड कोरून काढायचे. उंच राहिलेल्या भागाला शाई लावून वर कागद दाबला, की सुलटी प्रत मिळते. चीनमध्ये इ. स. ८६८ मध्ये अशा ठशांवरून छापलेला बौद्ध ग्रंथ आजही उपलब्ध आहे. कापडावरील ठसेकामाचे तत्त्वही हेच.

अडचण अशी, की प्रत्येक पानासाठी वेगळी फळी कोरावी लागते. एक अक्षर चुकले तर तेवढा भाग कापून तिथे लाकडाचा नवा तुकडा बसवावा लागतो.

मराठी मुलुखात छपाई उशिरा का आली?

गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, मात्र रोमन लिपीत. मिरजेत १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली भगवद्गीता छापली गेली, पण तो प्रयत्न तेवढ्यावरच थांबला. जुन्नरसारख्या ठिकाणी हातकागद तयार होत होता, लिहिणारे कारकूनही भरपूर होते. खरी अडचण लिपीची होती. जोडाक्षरे आणि काना-मात्रा धरून देवनागरीसाठी शेकडो खिळे लागतात. ते पाडणे खर्चाचे आणि कसबाचे काम होते.

गणपत कृष्णाजी या धंद्यात कसे आले?

ते भंडारी समाजातले. घरात छपाईची परंपरा नव्हती. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांचा छापखाना सुरू झाला होता. तेथील काम त्यांनी जवळून पाहिले आणि आपणही छापखाना काढावा असे त्यांच्या मनाने घेतले. हाताशी भांडवल नव्हते. म्हणून त्यांनी स्वतः लाकडी यंत्र तयार केले, दगडाचे लहान तुकडे मिळवून त्यांवर प्रयोग केले आणि शाईही घरीच बनवली. यंत्र, दगड आणि शाई या तिन्हींचा मेळ बसेपर्यंत ते खटपट करत राहिले. पुढे जम बसल्यावर लोखंडी यंत्र आले.

शिळाछाप म्हणजे नेमके काय?

ही पद्धत १७९६ मध्ये बव्हेरियात आलोईस झेनेफेल्डर यांनी शोधली. यात काहीच कोरावे लागत नाही. विशिष्ट चुनखडीच्या सपाट दगडावर स्निग्ध शाईने लिहायचे, मग दगड ओला करायचा. लिहिलेला भाग पाणी धरत नाही. वरून छपाईच्या शाईचा रूळ फिरवला, की शाई फक्त अक्षरांवर चिकटते. तेल आणि पाणी मिसळत नाही, एवढ्याच तत्त्वावर ही छपाई चालते. चांगला लेखनिक मिळाला की बालबोध असो वा मोडी, कितीही जोडाक्षरे आणि चित्रे एकाच दगडावर घेता येत. मराठीसाठी हा सोयीचा मार्ग होता.

विरोध कशामुळे होता?

छपाईच्या शाईत जनावराची चरबी असते, अशी समजूत होती. त्यामुळे छापील पोथी सोवळ्यात चालणार नाही, असे सनातनी मंडळी म्हणत. गणपत कृष्णाजींनी यावर वाद घातला नाही. त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप वापरले, असे सांगितले जाते. धर्मकार्यात लागणारी वस्तू छापायची, तर शंका शाईतूनच काढायला हवी, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचे पंचांग हे मराठीतील पहिले छापील पंचांग मानले जाते.

पुढे काय झाले?

शिळाछापावर ते थांबले नाहीत. देवनागरी खिळे पाडण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. खिळ्यासाठी आधी पोलादी दांड्याच्या टोकावर अक्षर उलटे आणि उठावदार कोरतात. तो ठसा तांब्यावर ठोकून साचा होतो आणि त्यात शिशाचा रस ओततात. म्हणजे लाकडी ठशाचेच तत्त्व इथे एकेका अक्षरावर येते. फरक इतकाच, की हे खिळे सुटे करून पुन्हा पुन्हा जुळवता येतात.

गणपत कृष्णाजी १८६० मध्ये वारले. त्यांच्या नावाचा छापखाना नंतरही चालू राहिला आणि तेथून महाभारताची पोथीही छापली गेली. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला, तोवर छापील पोथी देवघरात पोहोचली होती.

आज शिळाछापाचे दगड प्रामुख्याने कलाशाळांमध्ये दिसतात. लाकडी ठशांवरून चित्रे छापण्याची कलाही तिथेच शिकवली जाते.