मुंबईला प्लेगची लस दिली, पण एका बाटलीपायी हाफकिनला स्वतःचीच लॅब सोडावी लागली

परळला केईएम आणि टाटा हॉस्पिटलच्या बाजूला गेलात, तर हाफकिनची पाटी दिसते. कोरोनात तिथं टेस्टिंग चालायचं, साप चावल्यावरच्या औषधासाठीही हे नाव आपण ऐकलेलं असतं. पण हाफकिन हे एका माणसाचं आडनाव आहे, आणि हा गडी डॉक्टरसुद्धा नव्हता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

वाल्डेमार हाफकिनचा जन्म 1860 चा, ओडेसाचा. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. शिक्षण प्राणीशास्त्राचं. कॉलेजात असताना झारविरोधी चळवळीत पडला, अटकही झाली. पुढं प्राध्यापकी मिळण्यासारखी होती, पण त्यासाठी धर्म बदलावा लागणार होता. त्यानं तो बदलला नाही.

मग देश सोडला आणि 1889 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचला. तिथं जागा कुठली मिळाली, तर ग्रंथपालाची. दिवसा पुस्तकं आणि उरलेल्या वेळात जंतू, असं करत त्यानं कॉलऱ्याची लस तयार केली आणि 1892 च्या जुलैमध्ये पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. 1893 ला तो कलकत्त्याला आला आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत 40 हजारांवर लोकांना ती लस दिली.

इकडं मुंबईत सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात विचित्र तापाचे रुग्ण सापडायला लागले. जांघेत, काखेत गाठी आणि चार दिवसांत खेळ खलास. हा ब्युबॉनिक प्लेग आहे, असं मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं. सरकारला ते लगेच पटणं सोपं नव्हतं, कारण प्लेग जाहीर करायचा म्हणजे बंदराचा धंदा बुडवायचा. मग दुसऱ्या तज्ज्ञांकडून खात्री करून घेतली गेली. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये सापडून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. तीन वर्षं आधी ही साथ आली असती, तर सूक्ष्मदर्शकात काय शोधायचं हेच कुणाला कळलं नसतं.

ऑक्टोबरमध्ये हाफकिनला मुंबईत बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, बाहेरचा व्हरांडा, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. झाली लॅब.

इथं एक भारी गोष्ट आहे. प्लेगचे जंतू भरपूर वाढवायचे कसे, तर हाफकिननं मांसाच्या रश्शावर साजूक तुपाचे थेंब सोडले. ते तरंगायचे आणि जंतूंची वाढ त्या थेंबांना धरून खाली लोंबायची, गुहेच्या छताला चुनखडीचे खांब लोंबतात तशी. भांडं जरा हललं की सगळं तळाला. ही लोंबणारी वाढ प्लेगच्या जंतूची खूण मानली गेली. म्हणजे लस बनवताबनवता निदानाची एक पद्धतही हाती आली. पाच-सहा आठवड्यांनी हे सगळं तापवून जंतू मारायचे, वरून थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं, की लस तयार.

10 जानेवारी 1897 ला त्यानं ती स्वतःला टोचली. नंतर लोकांना दिली त्याहून कितीतरी मोठा डोस. ताप आला, अंग ठणकलं, पण गडी उभा राहिला. त्याच महिन्यात भायखळा तुरुंगात साथ शिरली. तयार झालेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही. टोचलेल्यांत पुढं रुग्ण बरेच कमी निघाले.

बाहेर मात्र लोक सरकारी माणूस दिसला तरी घाबरायचे. याच काळात पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, आणि घरझडत्यांच्या रागातून चापेकरांनी रँडला मारलं. अशा वातावरणात आगाखानांनी स्वतः लस टोचून घेतली आणि लॅबला आपला बंगला दिला. जागा पुरेना, म्हणून अखेर 10 ऑगस्ट 1899 ला परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये प्लेग लॅबोरेटरी सुरू झाली.

आणि मग मलकोवाल झालं.

हे गाव पंजाबातलं, आज पाकिस्तानात आहे. 30 ऑक्टोबर 1902 ला तिथं 107 जणांना लस दिली. त्यातल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले. बाकी 88 जणांना काही झालं नाही. मेलेल्या सगळ्यांचा डोस एकाच बाटलीतला होता, नंबर 53 एन.

चौकशीत ठपका आला परळवर. पंजाबची मागणी प्रचंड होती, म्हणून हाफकिननं पद्धत बदलून कार्बोलिक ॲसिड गाळलं होतं आणि फक्त उष्णतेवर भिस्त ठेवली होती. पॅरिसमध्ये ते चालत होतं, पण इथल्या साहेबांना मुद्दा मिळाला. त्यात हा ज्यू, रशियन आणि डॉक्टर नसलेला. त्याला परळच्या लॅबमधून बाजूला केलं.

पण चौकशीच्या कागदांतच दुसरी बाजू पडून होती. बूच काढायचा चिमटा त्या दिवशी मातीत पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय ते परळलाच बाटलीत शिरले असते, तर मधल्या आठवड्यांत वाढून उघडताना घाण वास आला असता. तसा वास कुणाला आला नव्हता. एक मात्र खरं, बाटल्यांवर नंबर नसते तर त्या 19 जणांचा डोस वेगळा काढताच आला नसता, आणि हाफकिनबरोबर लसही बुडाली असती.

पाच वर्षं तो कागद घेऊन भांडत राहिला. 1907 च्या जुलैमध्ये रोनाल्ड रॉस, म्हणजे मलेरियाचा डास शोधणारे नोबेलवाले, आणि आणखी काही शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये त्याच्या बाजूनं पत्र लिहिलं. नोव्हेंबरमध्ये सरकारनं त्याला दोषमुक्त केलं.

दोषमुक्त केलं, पण परळ परत दिलं नाही. त्याला कलकत्त्याच्या लॅबमध्ये नेमलं आणि लसीच्या नव्या चाचण्या करू दिल्या नाहीत. 1914 मध्ये तो निवृत्त होऊन युरोपला गेला. परळमधून मात्र बाटल्या जातच राहिल्या. 1925 पर्यंत तिथून प्लेगच्या लसीचे 2 कोटी 60 लाख डोस बाहेर पडले, आणि त्याच वर्षी त्या लॅबला हाफकिनचं नाव दिलं गेलं. तेव्हा तो 65 वर्षांचा होता. पाच वर्षांनी, ऑक्टोबर 1930 मध्ये, स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये तो गेला.