धोंड लोटणारी बाई

खडकीत राहणाऱ्यांना ईस्टर नवा नाही. कॅन्टोन्मेंटातली जुनी चर्च गोऱ्या पलटणींसाठी बांधलेली. पलटणी गेल्या, सण राहिला. गुड फ्रायडेला वधस्तंभावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी जिवंत झाला, तो हा रविवार. मैत्रिणींनो, या कथेतली एक गोष्ट मला फार आवडते. भल्या पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडे गेल्या त्या बायका. वाटेत काळजी एकच, तोंडावरची धोंड कोण लोटणार? आणि तो उठलाय, ही बातमी सांगायला आधी धावल्या त्याही बायकाच. इथे मला हमखास पंडिता रमाबाई आठवतात.

जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आईने लेकीला. तीर्थयात्रा करत पुराण सांगायचं, हाच संसार. दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं पायपीट करत १८७८ साली कलकत्त्याला पोचली, तिथे हिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. पुढे भाऊ गेला, मग नवराही पटकीने गेला. तेविसाव्या वर्षी वैधव्य आणि कडेवर तान्ही मनोरमा! १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८८९ साली मुंबईत शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या आनंदीबाई. पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ साली पुण्यात गदारोळ झाला, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांचा राग मला समजतो. धर्मात ढवळाढवळ करणार नाही, असा शब्द दिलेला होता ना! पण घरी नेलेल्या त्या विधवांपुढे काय वाढून ठेवलं होतं, हेही विचारायला नको का?

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आईवडिलांचे उपासमारीचे हाल पाहिलेली ही बाई घरात कशी बसेल? स्वतः गेली आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आली. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागतं, तिथल्या शेतावर मुक्तिसदन उभं राहिलं. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९००च्या सुमारास, ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकांच्या हाती. गावाने मेलेल्यांत जमा केलेली पोर छापखान्यात उभी राहून खिळे जुळवायला लागते, रमाबाईंचा ईस्टर मला तिथे दिसतो. नुसत्या उपदेशाने ती धोंड हलली नसती, बरं का.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळेल असं. त्यातली रिकाम्या कबरीची हकीकत मराठीत लिहिली एका विधवेने आणि छापली केडगावच्या बायकांनी.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. वय अवघं चाळीस. आईचा उजवा हात होती ती. रमाबाईंनी ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले, तेव्हा ईस्टर अकरा दिवसांवर आला होता. संपूर्ण बायबल बाहेर पडलं १९२४ साली. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे, निराधार बायका-मुली तिथे राहतात.