माळावरचा कारखाना : लक्ष्मणराव किर्लोस्कर

गणपतीच्या खरेदीसाठी बाजारात गेलो की आपण बेळगावकर किर्लोस्कर रोडवरून हमखास जातो. पण ज्यांच्या नावाचा हा रस्ता आहे, त्या माणसाने याच गावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि याच गावातून एकदा त्याला बिऱ्हाड-कारखान्यासकट उठावे लागले, हे आपल्या मुलांना आपण कितीदा सांगतो? यंदा उद्यमबागेतल्या फौंड्रीचा मालक असो, लेथवरचा कारागीर असो की बाहेरगावी नोकरीला असलेला मुलगा असो, बोलणे फिरून ऑर्डरी, उधारी आणि नोकरीच्या भरवशावर येते. अशा वेळी लक्ष्मणरावांची आठवण काढावी असे आम्हांला वाटले.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे मन मात्र यंत्रांत आणि चित्रांत. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळले की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्याला याहून मोठा धक्का कोणता? पण रंग गेले तरी रेषा हातात होती. त्यांनी यांत्रिक रेखाटन शिकून घेतले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले.

नोकरी चांगली होती. शिकवता शिकवता यंत्रे खोलून पाहायची हौसही भागत होती. त्याच सुमारास सायकल हे नवे वाहन आले होते. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावला धाडत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत, शिवाय चालवायलाही शिकवत. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८ पासून मोजतात ती या सायकलींच्या धंद्यामुळे. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली. हक्क लक्ष्मणरावांचा होता, जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. मनात अढी धरून बसण्यापेक्षा हातातले काम वाढवावे, हा त्यांचा हिशेब होता.

बेळगावात कडबा कापायचे यंत्र तयार झाले. मग लोखंडी नांगर. आज लोखंडी नांगराचे कोणाला नवल वाटणार नाही, पण तेव्हा शेतकऱ्यांची समजूत अशी होती की लोखंड लागले की जमीन विषारी होते. पिढ्यान्पिढ्या लाकडी नांगर चाललेला, आणि लोखंडी घ्यायचाच तर विलायती नांगराचे नाव मोठे. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे तयार माल समोर पडून आहे आणि गिऱ्हाईक नाही, हे काय असते ते आपल्यातल्या धंदेवाल्यांना सांगायला नको. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवले नाही. नांगर सुधारत राहिले आणि त्याचा उपयोग पटवत राहिले.

गाडी जरा रुळावर येते तोच नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितले. तेव्हा लक्ष्मणराव औंध संस्थानात एका सभामंडपाचे बांधकाम करीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना ही अडचण कळली आणि त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. कुंडल रोड स्टेशनजवळचा तो बत्तीस एकरांचा माळ. पाणी नाही, जिकडेतिकडे निवडुंग आणि सापांचा सुळसुळाट. मार्च १९१० मध्ये पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे तिथे गेली. त्याच माळाची किर्लोस्करवाडी झाली.

वाडी वसवताना लक्ष्मणरावांनी एक गोष्ट पक्की धरली होती : कारखाना म्हणजे आत काम करणारी माणसे. रामूअण्णा, शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे अशी एकेका कामात मुरलेली मंडळी त्यांनी जमवली. तुरुंगवास भोगून आलेल्यांनाही त्यांनी काम दिले आणि राखणीसारखी विश्वासाची जबाबदारी सोपवली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक घातला. शंभर वर्षांपूर्वीच्या काळात हे सोपे नव्हते.

पहिले महायुद्ध सुरू झाले तशी विलायतेहून येणारे लोखंड दुर्मीळ झाले, भट्टीसाठी कोळसा मिळेना. कच्चा मालच नाही तर ओतकाम कशाचे करणार? कारखाना बंद ठेवायला याहून सबळ कारण नव्हते. लक्ष्मणरावांनी दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळशावर भट्टी चालवण्याची खटपट केली. लोखंडासाठी त्यांचे लक्ष किल्ल्यांवर निकामी पडलेल्या जुन्या तोफांकडे गेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अशा तोफा त्यांना दिल्या. त्या वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याच्या वार्तापत्रापासून निघालेले हे मासिक पुढे मराठी घराघरांत पोहोचले. नांगराच्या जोडीला उसाचे चरक आणि पंपही तयार होऊ लागले. म्हणूनच तिशीच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि शेतकऱ्याच्या हातात नांगरासाठी पैसा उरला नाही, तेव्हा कारखान्याचा सगळा भार एकट्या नांगरावर नव्हता. अमेरिकेत शिकून आलेले चिरंजीव शंतनुराव तोवर कामाला लागले होते.

१९४८ च्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीही सापडली. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या घरात होते. माळावर उभारलेले डोळ्यांसमोर राख होणे हे कोणत्याही मंदीहून वाईट. पण कारखाना पुन्हा उभा राहिला, कारण काम जाणणारी माणसे शिल्लक होती. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? सगळेच काही लक्ष्मणराव होत नाहीत, आणि प्रत्येकाला बाळासाहेबांसारखा पाठीराखाही मिळत नाही. चिकाटी असली की पैसा येतोच, असे सांगणेही खोटे ठरेल. पण अडचण आली की त्यांनी आधी शिल्लक काय आहे ते पाहिले. रंग गेले तेव्हा रेषा होती, जागा गेली तेव्हा माणसे होती, लोखंड संपले तेव्हा तोफा होत्या. आज काम कमी असेल तर हात शिकवून घ्यावा, एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये आणि बरोबरच्या माणसाला शक्यतो तुटू देऊ नये. एवढे तर आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

विघ्नहर्त्याकडे आपण विघ्न टळावे म्हणून मागणे मागतोच. यंदा त्याच्या जोडीला, विघ्नातही हात चालू राहोत, एवढे मागू या.