शाळेनेच अंगणात जावे

प्रज्ञावान मुलांचा शोध म्हटला की शिष्यवृत्ती परीक्षा आणि गुणवत्ता याद्या डोळ्यांपुढे येतात. परंतु जे मूल शाळेच्या दारापर्यंत पोचतच नाही, त्याच्या बुद्धीची नोंद कोणत्या यादीत व्हावी? ताराबाई मोडक यांनी या प्रश्नाच्या उत्तरासाठी आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध वेचला, तोही आजच्या पालघर जिल्ह्यात.

1892 साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई 1914 मध्ये पदवीधर झाल्या. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 1936 मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. माँटेसोरीबाईंची पद्धती रोमच्या गरीब वस्तीत जन्मली होती. आपल्याकडे मात्र ती महागड्या साधनांमुळे सुखवस्तू घरांपुरती उरण्याची भीती होती. म्हणून 1945 साली ताराबाई बोर्डीला आल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागड्या साधनांची जागा शंखशिंपले, बिया आणि खडे यांनी घेतली.

1946 ते 1951 या काळात ताराबाई मुंबई विधिमंडळाच्या सदस्य होत्या. याच काळात, 1947 मध्ये, प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला व त्यात सक्तीची तरतूद होती. परंतु कायदा केला म्हणून गुरे राखण्याचे काम थांबत नाही. 1957 पासून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर काम करताना त्यांना वारली कुटुंबाचा हिशेब उमगला. मुलगा गुरे राखतो, मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, तेव्हा आईबापांना मजुरीला जाता येते. शाळेला फी नसली तरी या कुटुंबाला ती महागच पडते.

उपदेश करण्याऐवजी ताराबाईंनी हा खर्चच कमी केला. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली, पाड्यावर अंगणवाडी भरू लागली; पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. धाकटे भावंड पाळण्यात निजले की थोरली बहीण शेजारच्या वर्गात मोकळ्या मनाने बसू शके.

1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. 1973 मध्ये त्या निवर्तल्या. दोनच वर्षांनी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, पण त्यामागचा हिशेब किती गेला? पावसाळा सरताच जव्हार-मोखाड्याकडील कुटुंबे वसई आणि भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर येतात. मुलाचे नाव गावच्या हजेरीपटावर असते आणि मूल भट्टीवर. अशा मुलाला गैरहजर ठरवणे सोपे आहे. ताराबाईंच्या दृष्टीने पाहिले तर गैरहजर मूल नव्हे, शाळा आहे. प्रज्ञाशोध कोठून सुरू करावा, याचे उत्तर कोसबाडच्या टेकडीने केव्हाच दिलेले आहे.